रथापुढे की रथामागे? पालखीच्या दिवशी हॅम रेडिओ सांभाळताना

एका आजींना मी विनाकारण दिवे घाट चढायला लावला होता. परभणीकडच्या आजी, डोक्यावर तुळस, पायात रबरी चप्पल. वडकीपाशी दिंडीपासून सुटल्या. घाटाच्या पायथ्याला आमचा एक पोरगा रेडिओ घेऊन उभा होता, त्यानं मला कळवलं, "आजी हरवल्यात, दिंडी नंबर सतरा." मी वहीत १७ लिहिलं आणि चौकशी करून सांगितलं की सतरा नंबरची दिंडी पुढे गेली, झेंडेवाडीच्या विसाव्याला सापडेल. एका स्वयंसेवकानं आजींचा हात धरून त्यांना वरपर्यंत आणलं. दिंडी सतरा नंबरचीच निघाली, पण ती रथापुढची होती. आजी रथामागच्या सतरामधल्या. त्यांची दिंडी तेव्हा वडकीच्याही मागे होती. आजी होत्या तिथेच दगडावर टेकल्या असत्या तर अर्ध्या तासात टाळांचा आवाज आपणहून त्यांच्यापाशी आला असता.

ज्ञानोबांच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. दोन्हीकडे नंबर एकपासून सुरू होतात. हे वारकऱ्यांच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तर सासवडची, पालखी दरवर्षी आमच्या गावात दोन रात्री मुक्कामाला. तरी त्या क्षणी सुचलं नाही. रेडिओ उत्तम चालला होता, आवाज स्वच्छ होता, बॅटरी भरलेली होती, आणि तरीही काम चुकलं. तेव्हापासून आमच्या संदेशाच्या कागदावर "दिंडी क्र." या रकान्याशेजारी "पुढे / मागे" असं छापलेलं असतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. वय त्रेपन्न, पण हॅमच्या, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, भाषेत बाई कितीही वयाची असली तरी ती 'वायएल', यंग लेडी. त्यामुळे हा छंद सोडवत नाही! परवाना मिळवला तो मुलामुळे. तो तेरा वर्षांचा असताना परीक्षेला बसणार म्हणाला, मी सोबत म्हणून फॉर्म भरला. पुढे तो क्रिकेटकडे गेला आणि मी इथेच राहिले. गेली काही वर्षं आमचा सात-आठ जणांचा गट पालखीच्या दिवशी हडपसरच्या पुढून सासवडपर्यंत उभा असतो. एरवी घाटातल्या धावण्याच्या स्पर्धा, यात्रा, गणपती. ज्यांनी नुकताच परवाना काढलाय आणि "आता याचं करायचं काय" असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

परवाना

इथे थोडक्यात सांगते. बाजारात स्वस्त हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, मिळतो म्हणून तो आधी घ्यायचा आणि परवान्याचं मग बघायचं, असं करू नका. विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगणं हाच गुन्हा आहे. दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून परीक्षा होते. वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात. पेपरात दोन गोष्टी असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. परवान्याचे दोन दर्जे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं घ्यावं आणि पाठवावं लागतं. मी स्वयंपाक करता करता मोर्स शिकले, घरातली माणसं वैतागली, एवढंच सांगते. पास झाल्यावर व्हीयू थ्री किंवा व्हीयू टूनं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं नाव, मिळतं.

परवान्यावर तुमच्या स्थानकाचा पत्ता असतो. घराबाहेर, गाडीतून, घाटातून रेडिओ चालवण्याबाबतच्या अटी नीट वाचून घ्या. कार्यक्रमाच्या आधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात ठेवा. अँटेना घेऊन रस्त्याकडेला उभा असलेला माणूस पोलिसांना खटकणारच, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक. पैसे घ्यायचे नाहीत. हौशी सेवा म्हणजे हौशी, मानधनाचं पाकीट नम्रपणे परत करायचं. चहा आणि केळी चालतात.

आधी चालून या

दोन मीटरच्या पट्ट्यात (पट्ट्यांना लहरीच्या लांबीवरून नावं असतात), आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट माळावर दीड मीटर उंचीवर धरलेल्या हँडीचं क्षितिज साधारण पाच किलोमीटर. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ नं गुणा. नऊ मीटरच्या गच्चीवर अँटेना नेली की तेच क्षितिज बारा किलोमीटरवर जातं. दोन्ही टोकांची क्षितिजं मिळवली की अंदाज येतो. म्हणजे वॅट वाढवण्यापेक्षा जिना चढणं स्वस्त पडतं.

पण हे झालं माळाचं. आमच्याकडे मध्ये डोंगर आहे. वडकीचा माणूस सासवडच्या माणसाला ऐकू येत नाही, कितीही ओरडला तरी. घाटमाथ्यावर उभ्या असलेल्याला मात्र एका बाजूला मस्तानी तलावाकडचा सगळा उतार आणि दुसऱ्या बाजूला सासवडचं पठार, दोन्ही मिळतं. त्यामुळे आमच्या जाळ्यातला सगळ्यात अनुभवी माणूस माथ्यावर असतो. नवखे लोक माथा मागतात, कारण तिथून पालखीचा देखावा सुंदर दिसतो. त्यांना मी पायथ्याला पाठवते. माथ्यावरच्याला एक कान खाली आणि एक कान वर ठेवावा लागतो, खालचं वर आणि वरचं खाली, शब्दाला शब्द, स्वतःची भर न घालता पोचवावं लागतं. आपल्या लोकांना भर घालायची फार सवय. "एक जण चक्कर येऊन बसलाय" हे माथ्यावरून पुढे जाताना "पेशंट बेशुद्ध आहे" झालेलं मी ऐकलंय.

आदल्या रविवारी दोघं जण प्रत्यक्ष चालून या. एक माथ्यावर थांबेल, दुसरा पायथ्यापासून चढत येईल आणि दर वळणावर बोलेल. कुठल्या वळणावर आवाज तुटतो ते कागदावर लिहा. दोन-तीन पावलं पुढेमागे झालं तरी फरक पडतो, म्हणून खूण सुद्धा लिहा, "कठड्याचा पांढरा दगड", "तिसऱ्या वळणावरची टपरी". पालखीच्या दिवशी तुमच्या माणसाला कुठे उभं राहायचं ते गर्दीत शोधायला वेळ मिळणार नाही. आणि हेही लक्षात घ्या की रविवारी घाट रिकामा असतो. त्या दिवशी लाखो माणसं असतात. हँडी छातीपाशी धरून बोलणाऱ्याच्या चारही बाजूंना पाण्यानं भरलेली शरीरं असतात, ती लहरी गिळतात. दगडावर, कठड्याजवळ, थोडं उंचावर उभं राहा. हँडी उभा धरा. आडवा धरून, बिस्कीट खाल्ल्यासारखं त्यात बोलणारे अजूनही दिसतात.

अँटेना, बॅटरी आणि दुधाची पिशवी

हँडीबरोबर येणारी रबरी अँटेना ही सोय आहे, अँटेना नव्हे. तिला मदत म्हणून एक युक्ती करा. साधी इन्सुलेटेड वायर ४९ सेंटिमीटर कापा, एका टोकाला गोल टॅग लावा आणि तो अँटेनाच्या बुडाच्या धातूच्या भागात अडकवून वायर खाली लोंबत सोडा. याला हॅम मंडळी वाघाचं शेपूट म्हणतात. दहा रुपयांचं काम आहे. पायथ्याच्या ज्या वळणावर आमचा आवाज तुटत होता, तिथे शेपूट लावल्यावर निभावलं.

४९ सेंटिमीटरच का? १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरहून थोडी जास्त, तिचा चौथा भाग साधारण ५२ सेंटिमीटर, आणि तारेत लहर किंचित आखूड होते म्हणून ४९. बारावीच्या पोरांना हे फळ्यावर सांगितलं तर झोपतात, शेपूट हातात दिलं की जागी होतात.

एका जागी बसून चालवायच्या केंद्रासाठी ग्राउंड प्लेन नावाची अँटेना घरी बनवा. केबल जोडायचं एक चेसिस सॉकेट, वेल्डिंगच्या दुकानात मिळणाऱ्या पितळी काड्या पाच. मधली उभी ४९ सेंटिमीटरची. सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांना बाकीच्या चार, प्रत्येकी ५२ सेंटिमीटरच्या, छत्रीच्या काड्यांसारख्या पंचेचाळीस अंशांत खाली वाकवलेल्या. टोकं वाकवून गोल करा, नाहीतर कोणाच्या तरी डोळ्यात जातील. ही वस्तू पीव्हीसी पाइपवर चढवून गच्चीच्या कठड्याला बांधली की झालं. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर कोणाकडून तरी मागून आणा, आकडा दीडच्या आत आला की पुरे, नेमक्या एक आकड्याच्या मागे लागून दिवस घालवू नका.

केबलकडे मात्र कंजूषपणा करू नका. पातळ आरजी-५८ केबलच्या दहा मीटरमध्ये या फ्रीक्वेन्सीला जवळपास दोन डेसिबल जातात. म्हणजे रेडिओतून पाच वॅट निघाले तर अँटेनापर्यंत तीनच पोचतात, बाकीचे केबल गरम करतात. पाच-सहा मीटरपर्यंत ठीक, त्याहून लांब असेल तर जाड आरजी-२१३ घ्या.

बॅटरीचा हिशेब प्रत्येक नवा माणूस चुकतो, मीही चुकले. पहिल्या वर्षी यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी नेली आणि दुपारी साडेतीनला, नेमका रथ घाटाशी येताना, रेडिओ गप्प झाला. आकडे बघा. गाडीत बसवायची रिग, म्हणजे मोठा रेडिओ, नुसती ऐकताना अर्धा अँपिअर घेते. दहा वॅटवर बोलताना तीन-चार. बारा तासांच्या दिवसात आपण एकूण तासभर बोलतो असं धरलं, तर अकरा तास ऐकण्याचे साडेपाच आणि एक तास बोलण्याचे चार, मिळून साडेनऊ अँपिअर-अवर. शिवाय लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणून साडेनऊची गरज असेल तर वीसच्या पुढची बॅटरी हवी. ती जड असते आणि घाटात ती उचलायला कोणीच पुढे येत नाही. आता आम्ही लिथियम फॉस्फेट वापरतो, वीस अँपिअर-अवरची, शाळेच्या दप्तरात मावते.

हँडीवाल्यांनी दोन बॅटऱ्या आणायच्या, आणि कमी पॉवरवर भागत असेल तर कमीच ठेवायची. जेवढ्यात काम होतं तेवढेच वॅट वापरणं हा शिष्टाचार आहे आणि बॅटरीचीही बचत आहे.

पाऊस असणारच. ज्येष्ठाचा शेवट, घाटात कधीही सर येते. हँडीला धुतलेली दुधाची पिशवी चढवा, तोंड खाली करून, अँटेनापुरतं भोक पाडून. वरून रबर बँड. महागडी आवरणं मिळतात, पण पिशवीतून बटण दाबता येतं आणि आवाजही ऐकू येतो. वहीसाठी पेन्सिल, पेन नको. शाई वाहते, शिसं राहतं.

जाळं चालवताना

ज्याला आपण नेट म्हणतो त्यात एक जण मुख्य असतो, नेट कंट्रोल. आमच्याकडे तो सासवडला गच्चीवर बसतो, टेबल, खुर्ची, पंखा, वही, शेजारी लिहून घ्यायला दुसरा माणूस. बहुतेक वेळा मी. बाकीच्यांनी आपापसात बोलायचं नाही, आधी नेट कंट्रोलला विचारायचं. हे ऐकायला हुकूमशाही वाटतं. पण एका चॅनलवर एका वेळी एकच बोलू शकतो, दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही वाया जातं, आणि ते त्यांना स्वतःला कळतही नाही.

प्रत्येक ठिकाणाला जागेचं नाव द्या. "पायथा", "माथा", "झेंडेवाडी", "सासवड". दुपारी माणूस बदलला तरी नाव तेच राहतं, आणि घाबरलेल्या नवख्याला समोरच्याचं कॉलसाइन आठवत बसावं लागत नाही. आपलं कॉलसाइन मात्र नियमाप्रमाणे सांगायचंच, बोलणं संपवताना आठवणीनं.

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर "रुग्णवाहिका नको" मधला पहिला शब्द खाल्ला जातो आणि "नको" एवढंच उरतं. बोलून झालं की "ओव्हर". समोरच्याचं संपल्यावर तीन सेकंद मोकळे सोडा, त्या फटीत एखादा "ब्रेक" म्हणून तातडीचं सांगू शकतो. "रॉजर" म्हणजे ऐकलं, एवढंच. "हो" नव्हे, "करतो" नव्हे. आमच्या एका सदस्याला प्रत्येक वाक्याला रॉजर म्हणायची सवय होती. त्याला विचारलं की ॲम्ब्युलन्स निघाली का, तर म्हणाला, "रॉजर." आता काय समजायचं?

इंग्रजी नावांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली आहेच. पण आमची निम्मी नावं मराठी, आणि रोमन अक्षरांत फोडलेलं मराठी नाव दुसऱ्या टोकाला भलतंच होऊन बसतं. आम्ही पहिलीच्या अंकलिपीकडे परत गेलो. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ण बाणाचा, ळ बाळाचा, श शहामृगाचा, ष षटकोनाचा. मोठी माणसं आधी हसतात. मग "खळद" आणि "खलद" यांत घोळ झाला की निमूटपणे म्हणायला लागतात. आकडे एकेक सुटे सांगायचे. सत्तावीस नाही, दोन सात. मराठीत एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद रेडिओच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात.

दर तासाला नेट कंट्रोलनं हजेरी घ्यायची. नुसतं "आहे" पुरे. आणि मुख्य फ्रीक्वेन्सी बंद पडली तर कुठे जायचं ते आदल्या दिवशीच ठरवून प्रत्येकाच्या कार्डावर लिहायचं. ऐनवेळी "तिकडे या" हे सांगायचं तरी कुठल्या फ्रीक्वेन्सीवर?

लिहून घ्या, मग बोला

आजींचा किस्सा सुरुवातीला सांगितला तो याचसाठी. नव्या माणसाचा समज असतो की हॅमचं काम बोलणं. दिवसाच्या बारा तासांतले अकरा तास ऐकण्यात जातात, आणि बोलायच्या आधीचा प्रत्येक मिनिट लिहिण्यात.

कागदावर वरती संदेशाचा क्रमांक, वेळ चोवीस तासांच्या घड्याळानं, कोणाकडून, कुठून, कोणाला. मग दर्जा. आमच्याकडे चार दर्जे आहेत. आणीबाणी म्हणजे जिवाशी गाठ. प्राधान्य म्हणजे वेळ गेली तर बिघडेल असं काही. खुशाली म्हणजे "मी सुखरूप आहे, घरी कळवा". आणि बाकी सगळं नित्याचं. खालचा दर्जा चालू असताना वरचा आला तर खालच्यानं थांबायचं. मग मजकूर, शक्यतो वीस-पंचवीस शब्दांत, आणि त्याखाली शब्दांची संख्या. पलीकडच्यानं संदेश पूर्ण वाचून दाखवायचा, शब्द मोजायचे, जुळले तरच "पोचला". हे कंटाळवाणं आहे हे कबूल. पण शब्द मोजल्यामुळे गळलेला "नाही" सापडतो.

ज्यानं संदेश दिला त्याच्या तोंडचे शब्द ठेवा. डॉक्टरनं "सलाइन चार पेटी" सांगितलं तर तुम्ही "सलाइन बाटल्या" करू नका. कळलं नाही तर त्यालाच विचारा. आपण टपाल आहोत, संपादक नाही.

हरवलेली आणि आजारी माणसं

वारीत काम येतं ते मुख्यतः याच दोन प्रकारचं. मोबाइलला टॉवर दिसतो पण फोन लागत नाही, कारण लाखो लोक तोच टॉवर वापरत असतात. गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे हॅम हरवलेल्यांना घरी पोचवण्याचं काम वर्षानुवर्षं करतायत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला पत्ता विचारून उपयोग नाही. गावाचं नाव सांगतील, आणि त्या नावाची गावं चार जिल्ह्यांत असतात. असं विचारा. दिंडी रथापुढची की मागची? विणेकऱ्याचं नाव काय? सामानाचा ट्रक कोणत्या रंगाचा, त्यावर काय लिहिलंय? जेवण कोणाकडे झालं सकाळी? विणेकऱ्याचं नाव नव्याण्णव टक्के ठाऊक असतं.

रेडिओ सगळे ऐकतात, आपल्याकडे सांकेतिक भाषेला परवानगी नाही आणि नसावीही. म्हणून हरवलेल्या लहान मुलाचं वर्णन हवेवर देताना एक गोष्ट राखून ठेवा. कपड्यांचा रंग सांगा, पण हातातल्या दोऱ्याचा किंवा गालावरच्या तिळाचा उल्लेख करू नका. मुलाला न्यायला येणाऱ्याला तेवढं विचारायचं. आजारी माणसाचं नाव तर घेऊच नका, वय, स्त्री की पुरुष, काय झालंय आणि जागेची खूण एवढं पुरतं.

पुण्याहून सासवडला येण्याचा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा. पल्ला सगळ्यात लांब, शेवटी घाट, आणि बहुतेकांना उपास. दुपारनंतर चक्कर येऊन बसणारे सुरू होतात. आमच्या पोरांना बजावून ठेवलंय की तुम्ही डॉक्टर नाही. निदान करू नका. दिसतं ते सांगा. "घाम आलाय, बोलतोय, उठता येत नाही." वैद्यकीय पथकाला तेच हवं असतं. १०८ ला फोन लागत असेल तर आधी तो लावा, रेडिओ हा फोनला पर्याय म्हणून मिरवायचा नाही. रथाला घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपतात तेव्हा रस्ता ठप्प असतो, त्या वेळी रुग्णवाहिका कोणत्या बाजूनं येऊ शकते हे माथ्यावरचा माणूसच सांगू शकतो. त्या पाऊण तासात खरा कस लागतो.

पूर आला तर

पालखीचा दिवस ही आमची तालीम. २२ जुलै २०२१ ला महाड, चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा माझी मामेबहीण महाडला होती. दोन दिवस फोन नाही. माझ्या घरात रेडिओ होता आणि मी काही करू शकले नाही, कारण तिकडे बोलायला कोणी नव्हतं आणि माझा दोन मीटरचा रेडिओ सह्याद्री ओलांडत नाही.

सह्याद्रीपलीकडच्या दरीतून बोलायचं तर चाळीस मीटरचा पट्टा लागतो, आणि अँटेना उंच नाही, उलट बुटकी लागते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी टोकापासून टोकापर्यंत साधारण वीस मीटर तार, मधोमध केबल, जमिनीपासून तीन-चार मीटरवर दोन झाडांत बांधलेली. अशी तार लहरी सरळ वर फेकते, त्या आयनावरणाला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून पावसासारख्या चहूकडे पडतात. तीनशे किलोमीटरच्या परिघात डोंगर आड येत नाही. दिवसा चाळीस मीटर चालतो, रात्री बहुधा ऐंशी मीटरवर उतरावं लागतं. आपल्या प्रदेशासाठी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघानं ठरवलेली आणीबाणीची मध्यवर्ती फ्रीक्वेन्सी ७.११० आहे, त्या दिवसांत तिथे आधी नुसतं ऐका. कोणी मदत मागत असेल तर त्याच्यावर आपला "हॅलो" घालू नका.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेची मंडळी पोर्ट ब्लेअरमध्येच होती. गेली होती ती हौसेसाठी, अंदमानहून जगभरच्या हॅमशी बोलायला. अँटेना उभ्या होत्या, जनरेटर होता, हात बसलेला होता. फोन गेले आणि त्याच यंत्रांवरून खुशालीचे निरोप जायला लागले. भूकंपानंतर किल्लारीला १९९३ मध्ये आणि भूजला २००१ मध्येही हॅम पोचले होते, पण त्यांना सगळं उचलून न्यावं लागलं.

न्यायचं तर असं. तीन दिवसांचं स्वतःचं पाणी आणि खाणं, स्वतःची ताडपत्री, स्वतःची बॅटरी आणि ती भरायला छोटं सोलर पॅनल. पूरग्रस्तांच्या खिचडीच्या रांगेत हॅमनं उभं राहायचं नाही. आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आधी कळवा की आम्ही एवढे जण, एवढी यंत्रं. ते म्हणाले थांबा, तर थांबा.

नेट बंद करताना

पालखी तळावर पोचली, समाजआरती झाली, की सगळ्यांना घरी पळायची घाई असते. तरी नेट कंट्रोलनं एकेकाला नाव घेऊन सोडायचं. "पायथा, आवरलंत? निघालात? कशानं?" सगळे सुटल्याशिवाय वही मिटायची नाही.

मागच्या वेळी पायथ्याचा पोरगा काही केल्या उत्तर देईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फोन लागेना. माथ्यावरचा आमचा ज्येष्ठ सदस्य, गुडघ्याची तक्रार असलेला, बॅटरी घेऊन घाट उतरायला लागला. वडकीनाल्याजवळच्या एका मांडवात पोरगा सापडला, हँडी चालू, आवाज शून्यावर. सकाळपासून "ऐकलं का, ऐकलं का" करून कान विटले म्हणून त्यानं जेवताना आवाज बारीक केला आणि मोठा करायला विसरला. शेजारी परभणीकडच्या एका दिंडीची माणसं बसली होती, त्यांनी त्याच्या पानात भगर वाढली होती. मी वहीत लिहिलं, "२२:४०, पायथा सापडला, जेवतोय." मग त्याला विचारायला सांगितलं, दिंडी पुढची की मागची. मागची होती. नंबर मात्र सतरा नव्हता.